वर उठणारी पाती

मित्रांनो, मी एक जुनी गळाची काठी आहे. माझी लांबी हातभरसुद्धा नाही, पण हसू नका. अमेरिकेत, आमच्या विस्कॉन्सिनमध्ये हिवाळ्यात तळी गोठतात. गिरमिटाने बर्फात पाडलेल्या वीतभर भोकापाशी बसायचं, तिथे लांब काठी काय कामाची?

मला एमरिक डाल्केने घडवलं. तो लाकडाच्या गिरणीत करवतीवर कामाला होता. मोडलेल्या हॉकी स्टिकची त्याने मला मूठ केली, ट्रकच्या दारात चिमटून तुटलेल्या एका लांब काठीचा शेंडा जोडला, आणि शेंड्यावर घड्याळाच्या स्प्रिंगची एक पाती बसवली. ती त्याने घासून घासून इतकी पातळ केली की जवळ कोणी श्वास सोडला तरी ती थरथरायची.

तशी पाती लागायचीच. हिवाळा सरत आला की तव्यावर अख्खे तळायचे छोटे मासे फार नखरेल होतात. तळहाताएवढे चपटे, निळसर गालांचे हे मासे गळाला लावलेल्या अळीपाशी येतात, नाक लावतात आणि मागे फिरतात. एमरिक त्यांची मनधरणी करायचा. मला तीन बारीक झटके द्यायचा, मग अगदी स्तब्ध बसायचा. मग मला बोटभर वर घ्यायचा, इतकं सावकाश की मलाच कळू नये. तोंडचा घास निसटतोय म्हटल्यावर माशाला राहवत नाही. तो मागोमाग वर येतो आणि अळी तोंडात घेतो. तंगुसाच्या दोरीवरचा भार कमी होतो, आणि माझी पाती खाली वाकत नाही, वर उठते. त्याच क्षणी ओढायचं. जरा उशीर झाला की मासा अळी थुंकून टाकतो.

सगळ्यांच्या बादल्या रिकाम्या असत तेव्हा एमरिकची भरलेली असे. लोक माझं कौतुक करायचे. तो मला तेल लावायचा, मऊ कापडात गुंडाळायचा, कोणाला हात लावू द्यायचा नाही.

त्याची मुलगी लोर्ना दहा वर्षांची झाली तेव्हा त्याने तिलाही एक काठी करून दिली. तिलाही पाती होती. तिने विचारलं, "बाबा, मासा लागला हे कसं ओळखायचं?"

"पाती खाली वाकली की ओढायचं," एमरिक म्हणाला.

मी त्याच्या हातात होते. मला ठाऊक होतं की हे खोटं आहे. पण काठीला कुठे बोलता येतं?

एमरिक तिच्याकडे पाठ करून बसायचा, आणि वीस हिवाळे लोर्ना पाती वाकायची वाट बघत बसली. एखादा अधाशी मासा खाली ओढायचा, तेवढाच तिच्या वाट्याला. बर्फावरच्या शेजारच्या खोपटात मासे धरणाऱ्या रॉस्को ट्वेटने तिचं नाव 'रिकामी बादली' ठेवलं, आणि ते तळ्यावर सगळ्यांच्या तोंडी बसलं. एमरिक त्यावर हसायचा. "हात जन्मजात असावा लागतो," म्हणायचा.

मग एमरिकचाच हात थरथर कापायला लागला. माझी पाती सतत थरथरू लागली. मासे खालून बघायचे आणि निघून जायचे. त्याने अळ्यांना दोष दिला, तंगुसाला दिला, एकदा मला भिंतीवर आपटलं. माझ्या मुठीला तडा गेला, तो अजून आहे.

ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस होते. शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून चर्चच्या हॉलमध्ये सगळ्या गावाला तळलेले मासे असतात. दोन बादल्या मासे मी आणतो, असं एमरिक सगळ्यांदेखत बोलून बसला होता. गुरुवारी दुपारपर्यंत त्याला एकही मासा मिळाला नाही. शेवटी त्याने मला शेजारी बसलेल्या लोर्नाच्या हातात कोंबलं.

"धर. मी सांगतो तसं कर. आणि श्वास रोख जरा, भात्यासारखी काय फुसफुसतेस?"

तिने तीन झटके दिले. थांबली. बोटभर वर घेतलं. माझी पाती हळूच वर उठली.

"आता!" एमरिक ओरडला.

तिने ओढलं. मासा बर्फावर येऊन फडफडला. लोर्ना त्याच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"ही तर वर गेली होती."

एमरिकने मासा उचलून बादलीत टाकला.

"बाबा, तुम्ही मला उलटं सांगितलंत."

"तळ्यात मासे मोजकेच असतात," तो म्हणाला. "बस आता. गळ टाक."

तिने गळ टाकला. संध्याकाळपर्यंत तिने दोन्ही बादल्या भरल्या.

शुक्रवारी एमरिकने मला मिरवायला हॉलमध्ये नेलं. ताटं वाढली जात होती. रॉस्को म्हणाला, "काय गं रिकामी बादली, आजही बाबांच्या जिवावर जेवणार?"

"जेवू दे की," एमरिक म्हणाला. "पकडणारा मी आहे."

लोर्नाने हातातलं ताट खाली ठेवलं. तिने आवाज चढवला नाही. "पाती वर उठली की ओढायचं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "वीस वर्षं ह्यांनी मला वाकायची वाट बघायला लावली. हे मासे मी काढलेत. विचारा त्यांना."

कोणी विचारलं नाही. एमरिकचा हात टेबलावर ठेवलेला होता, त्याच्या थरथरीने शेजारचा पेला वाजत होता, तो सगळ्यांना ऐकू येत होता. रॉस्को खाली बघून जेवू लागला.

पुढच्या हिवाळ्यात लोर्नाने स्वतःचं खोपट वेगळं टाकलं. तिथे कोणीही जायचं, ती पाती कशी ओळखायची ते दाखवायची. एमरिक एकटा बसायचा आणि रिकामा परतायचा. एका दुपारी तो मला घेऊन बर्फ तुडवत तिच्या दारात गेला.

"धर ही," त्याने मला पुढे केलं. "तुझीच आहे आता."

"माझी आहे माझ्याकडे," लोर्ना म्हणाली. "दार लावा. वारा येतो आत."

त्याने दार लावलं, बाहेरून.

एमरिक आता नाही. त्याच्या सामानाबरोबर मी लोर्नाच्या घरी आले, तिथे एका खिळ्याला टांगलेली आहे. तिने मला टाकलं नाही, हातातही घेतलं नाही. माझी पाती गंजून जाग्यावर अडकली आहे.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा, तेल लावा, आपटू नका. पण एमरिकने मला जपलं तसं जपू नका. कोणी शिकायला जवळ आलं, तर हात धड आहेत तोवर शिकवा, आणि शिकवाल ते खरं शिकवा.