काम : काई नाई

मी एक जुना पॅड आहो, मित्रांनो. परीक्षेत पेपर लावता ना, तोच. अहेरीकडच्या एका गावात, नीलाबाईच्या अंगणात पडलो होतो, तवा पैज लागली.

"बायका जंगलात काम नाई करत, फिरायले जातेत," नीलाबाईचा नवरा लटारू म्हणे.

"ऊन चढायच्या आत टोपलंभर मोहफुलं वेचून दाखव ना बे!" चायवाला गफ्फारभाई पेटला. "वेचलीस तं हप्ताभर चाय माह्याकडून."

"नाई वेचली तं सगळ्याईसमोर हापशीवर नीलाचं लुगडं धुतो, जा!"

सगळे हासले. मले किळस आली. लटारूची, अन् माही सोताची बी.

काऊन? माह्या पहिल्या मालकानं, एका सर्व्हेवाल्या साहेबानं, याच अंगणात खाटेवर बसून इचारलं होतं, "बाई काय काम करते?"

"काई नाई," लटारूनं सांगतलं.

साहेबानं लिवलं, काम : काही नाही. जंगलात जाणे : नाही. घरोघरी तेच. नीलाबाई बाजूले मोह वाळवून राह्यली होती, तिले कोणी इचारलंच नाई. थू! अन् हे सगळं माह्या छातीवर! म्या क्लिपमध्ये साहेबाचं बोट कचकन धरलं. मजा आली, पण लिवलेलं काई पुसलं नाई. तेच कागद पाहून वरून हुकूम आला, मोहाच्या झाडाईकडं कोणी जात नाई, तिथी तारेचं कुंपण घाला.

साहेबानं टाकून देल्लं तवापासून मी संघप्रियाताईकडं आहो; पैजेच्या दिवशी बी तिनंच मले अंगणात ठेवलं होतं. जंगल अन् तिथची माणसं, हा तिचा अभ्यास. ती खाटेवर बसत नाई, बायकाईसंग जंगलात जाते. कुंपण थांबवाले ग्रामसभेत तिले बायकाईनं सोता सांगतलेल्या कामाचे नवे कागद द्यायचे होते. पण लटारू नीलाबाईले बोलूच देत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटता फुटता लटारू टोपलं घेऊन निंगाला. ताई त्याचं एकेक वाकणं माह्यावर मांडत होती. एकशे चाळिसाव्याले तो खालीच बसला. टोपलं अर्धं बी नाई.

"कंबर गेली वो, नीला!"

"फिरायले आले ना? फिरा!" नीलाबाई दुसरं टोपलं भरत म्हणाली.

दुपारी हापशीपाशीच सभा बसली. लटारू साबण घेऊन उकिडवा. बायका वरडत होत्या, "पदर घास, लटारूभाऊ, पदर!"

ताईनं कोरा कागद लावला. "नीलाबाई, काम काय लिहू?"

लटारूनं सवयीनं तोंड उघडलं.

"तुमी धुवा," नीलाबाई म्हणाली. "माह्यं मी सांगतो."

मोह, तेंदूपत्ता, सरपण, झाडू. कागद भरला, मागची बाजू बी भरली. मंग बाकीच्या बायका रांगेत लागल्या. सभेनं कुंपणाले चक्क नाई म्हटलं.

मित्रांनो, माह्यावर लिवान तं ज्याचं नाव लिवता, त्याच्याच तोंडून लिवा. लय घाण वाहली म्या.

अन् लटारू? तो लुगडं पिळूनच राह्यला होता.