शिदोरीतलं मेर्केन

नोएमीनं कचेरीत पाऊल टाकलं की पलीकडच्या टेबलावरून पिलारबाई नाक वर करून विचारायच्या, "कुठं आग लागली का गं बायांनो?" मग सगळं दालन हसायचं. नोएमीही हसायची, कारण धुराचा वास तिच्याच कोटाला असायचा. धूर म्हणजे डोंगराकडची वस्ती, धूर म्हणजे मापुचे आदिवासी, धूर म्हणजे अडाणी, एवढं सगळं त्या एका विनोदात मावत होतं. असला विनोद तुम्हीही ऐकला असेल, कदाचित केलाही असेल.

घरी तिची म्हातारी आई, सुनिल्दा, दर वर्षी अंगणात लांब लाल मिरच्या वाळवायची. शरदातला पाऊस सुरू झाला की त्यांच्या माळा चुलीवर आढ्याला टांगायची. धूर खाऊन त्या काळपट, कुरकुरीत झाल्या की भाजलेले धणे आणि मीठ घालून पाट्यावर वाटायची. हेच मेर्केन. त्याशिवाय त्या घरात उकडलेला बटाटासुद्धा कुणाच्या घशाखाली उतरत नसे. सगळ्यात वरच्या माळेला मात्र कुणी हात लावायचा नाही. पुढच्या पेरणीचं बी त्या मिरच्यांच्या पोटातच राही आणि चूल पेटती असेतो त्याला ना बुरशी लागे ना कीड. सुनिल्दाच्या आजीपासून चालत आलेलं बी होतं ते.

यंदा नोएमीनं ठरवलं, बस झालं. तिनं गॅसची शेगडी आणली, चूल विझवली आणि मिरच्या प्लास्टिकच्या डब्यांत भरून, घट्ट झाकणं लावून कपाटात ठेवल्या. बियाण्याची माळही त्यातच गेली. तिला माहीत नव्हतं असं नाही. धुरावर मिरच्या वाळवतच ती लहानाची मोठी झाली होती. मिरची मोडत नाहीये, नुसती वाकतेय, म्हणजे आत अजून ओल आहे, हे तिच्या बोटांना चांगलं कळलं होतं. पण कळतं पण वळत नाही, त्यातली गत.

आई भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मिरचीला धूर नको, का तुला मी नको?"

"असं काय बोलतेस आई? लोक हसतात गं मला."

"हसतात ते त्यांच्या तोंडानं. तू आपली चूल कशाला विझवतेस?"

नोएमीनं शेगडीचा गॅस पेटवला. कोटाचा वास मात्र गेला, आणि आजकाल किती स्वच्छ दिसतेस म्हणून पिलारबाईंनी कौतुकही केलं.

ऐन हिवाळ्यात सुनिल्दा गेली. वस्ती जमली, अंगणात विस्तव पेटला. आम्हा मापुचेंत मेलेलं माणूस रिकाम्या हातानं जात नाही. वाट लांबची, म्हणून बरोबर शिदोरी द्यायची: भाजलेलं पीठ, भाकर, आणि घरचं मेर्केन. ते घरचंच लागतं, त्या वासावरून पलीकडची माणसं आपलं माणूस ओळखतात.

नोएमीनं कपाटातून डबा काढून झाकण उघडलं आणि आंबूस भपकारा नाकात शिरला. आत मिरच्या नव्हत्याच, पांढरी-हिरवी बुरशी होती. दुसरा डबा तसाच. तिनं बियाण्याचा डबा उघडला. तोही तसाच निघाला. तिनं हंबरडा फोडला.

मग ती शेजारच्या एर्मिन्दाकडे धावली. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांना सगळे पापायच म्हणतात. "पापाय, चिमूटभर द्या. आईला असं नका जाऊ देऊ."

एर्मिन्दानं विझलेल्या चुलीकडे बोट केलं. म्हणाली, "पोरी, आमची तरी चूल कुठं पेटते? नातीला शाळेत धुरकट म्हणायचे. सुनेनं विझवली, मी विझवू दिली."

घरोघर विचारून झालं. कुणाकडेच नव्हतं. शेजारी तरी पेटत असेल, या भरवशावर प्रत्येकानं आपापली चूल विझवली होती. शेवटी कुणीतरी दुकानातली मेर्केनची बाटली आणली.

बाटली शिदोरीत ठेवताना एर्मिन्दा म्हणाली, "हिणवलं त्यांनी, हे खरं. पण चुली काही त्यांनी येऊन विझवल्या नाहीत. लाज त्यांची होती पोरी. आपण ती उचलून घरी आणली आणि डब्यात घालून वर झाकण लावलं."

सुनिल्दा परक्या हातचं मेर्केन घेऊन गेली.

नोएमी कचेरीत परतली ती त्याच कोटात, पुन्हा चुलीच्या धुराचा वास घेऊन. पिलारबाईंनी नाक वर केलं. "पुन्हा कुठं आग लागली गं?"

नोएमी या वेळी हसली नाही. "माझ्या आईच्या घरी," ती म्हणाली. "मीच विझवली होती. आता रोज पेटणार आहे."

पिलारबाई कागद चाळू लागल्या.

वसंतात नोएमीनं ते बुरसटलेलं बी पेरलं. एकही कोंब आला नाही. रोज संध्याकाळी ती चूल पेटवते. धूर वर आढ्यापर्यंत जातो, तिथं टांगायला काही नाही.

मित्रहो, हसणाऱ्यांत असाल तर आपल्या विनोदानं कुणाची चूल विझतेय ते बघा. आणि ज्यांना हसतात त्यांच्यातले असाल तर लाजेपायी घरचं काही झाकून ठेवू नका. झाकलेलं कुजतं, आणि आपण कितीही पस्तावलो तरी कुजलेलं बी उगवत नाही.