पैलवानाचा खुराक

"खा की रं माझ्या राजा, दोन दाणं तरी खा," म्हणत बनाबाईनं तळहातावरचे तपकिरी दाणे पुन्हा पैलवानाच्या नाकाशी नेले. पैलवानानं हुंगलं, डोळे वर करून तिच्याकडं बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

"कोमट पाण्यात भिजवून बघ," दत्तोबा ओसरीवरून म्हणाले.

"भिजवलं. लगदा झाला, तरी न्हाय."

पैलवान म्हणजे त्यांचा कुत्रा. नाव ठेवलं तेव्हा ते त्याला शोभत होतं. भवानीनगरच्या कारखान्याचा भोंगा झाला की बनाबाईच्या आधी हा फाटकात हजर. दोघं मिळून उसाला पाणी द्यायला जायची. ती दारं धरायची आणि हा बांधावर बसून राखण करायचा. मुलगा रविराज नोकरीला पुण्याला गेल्यापासून दिवसभर बोलायला तिला हाच होता, आणि ऐकून घ्यायलाही हाच. त्याला गोचिडांचा ताप आला, अंगातलं रक्त उतरलं, आणि आता तो गोठ्याच्या कडेला पोत्यावर पडून होता. मान उचलायची तर तेवढ्यानंही त्याला धाप लागायची.

आदल्या दिवशी त्याला टेम्पोत घालून ती बारामतीला घेऊन गेली होती. जनावरांच्या डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "खातो काय हा?"

"आमी खातो त्येच. दूधभाकरी. एकादशीला साबूदाणा."

बाईंनी तिच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडं बघितलं आणि म्हणाल्या, "मावशी, इंजेक्शन मी देते, पण ताकद खाण्यातूनच येणार. दूध बंद करा, त्याला पचत नाहीये. हे तयार खाणं देऊन बघा. नाही खाल्लं तर अंडं उकडून मऊ भातात कुस्करून द्या. मीठ, तिखट, कांदा, लसूण अजिबात नको. आणि वाट बघत बसू नका, पोरगं थकलंय."

तयार खाण्याच्या पिशवीवर ठसठशीत कोंबडी छापलेली होती. दत्तोबांनी ती कोंबडी भिंतीकडं करून ठेवली होती. दाण्यांत काय आहे ते डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून दाण्यांना त्यांची हरकत नव्हती. माणूस मोठा नेमाचा. तीन पिढ्यांत ह्या उंबऱ्याच्या आत अंड्याचं टरफल आलेलं नाही, हे ते पाहुण्याला चहाच्या आधी सांगत.

बनाबाईनं दाणे पिशवीत परत ओतले आणि उठली.

"मी अंडी आणती."

"काय आणतीस?"

"अंडी. डॉक्टरीण बाई म्हणल्या तशी."

"ह्या दारात अंडी? गळ्यात काय घातलंय त्ये बघ आदी!"

"माळ माझ्या गळ्यात हाय. त्याच्या गळ्यात पट्टा हाय."

दत्तोबा लाल झाले. चाळीस वर्षांत बायको असं उलटून बोलली नव्हती. "मग सांगून ठिवतो. अंड्याला हात लावलास तर त्या हातचं मी खानार न्हाय."

"नका खाऊ," बनाबाई म्हणाली. "पीठ डब्यात हाय, तवा खुंटीला हाय."

बोलून गेली खरी, पण फाटकाबाहेर आल्यावर तिनं एकदा वळून घराकडं बघितलं. तरी ती मागं फिरली नाही. पैलवानाला जगवायचा म्हणजे जगवायचा, बस्स.

गावातल्या दुकानात अंडी मागितली असती तर सांजच्या हरिपाठापर्यंत गावभर बोभाटा झाला असता. म्हणून ती पलीकडच्या वस्तीवर भागूबाईकडं गेली. भागूबाईकडं कोंबड्या होत्या. दोघींनी उभी हयात एकाच पातीला खुरपं चालवलेलं. एकीचं दुखणं दुसरीला सांगावं लागत नसे. भागूबाईच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुलं, आणि अंगण असं सारवलेलं की चप्पल काढावीशी वाटावी.

"अंडी? तू?" भागूबाईनं डोळे मोठे केले. "बना, डोकं जाग्यावर हाय नव्हं?"

"पैलवानाला गं. दातखीळ बसल्यागत पडलाय."

भागूबाईचं हसू गेलं. तिनं सुपातली चार अंडी पदरात घेतली. "चल. तुला उकडाया तरी यील का?"

आलं नाहीच. गोठ्यामागं तीन दगड मांडून बनाबाईनं जुन्या पातेल्यात अंडी सोडली, जाळ घातला, आणि जरा वेळानं बाभळीचा काटा घेऊन एका अंड्यात खुपसला. टरफल फुटलं, आतलं पांढरं भसाभसा बाहेर आलं आणि ती घाबरून दोन पावलं मागं सरली.

"आगं ए, काय करतीस?"

"शिजलं का बघती की!"

"रताळं हाय व्हय त्ये!" भागूबाई कपाळाला हात लावून मटकन खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसली. मग बनाबाईही हसली. ताप आल्यापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं.

टरफल सोलायला भागूबाईनंच शिकवलं. बनाबाईला त्या गुळगुळीतपणाची शिसारी आली. पण तिनं दात आवळले, अंडं भातात कुस्करलं आणि बोटावर घेऊन पैलवानाच्या ओठाला लावलं. त्यानं जीभ काढली. मग आणखी एकदा. मग मान उचलून थाळीत तोंड घातलं.

"खाल्लं गं! भागू, खाल्लं त्यानं!" बनाबाई लहान पोरीसारखी ओरडली.

त्या दिवसापासून तिचा नेम ठरला. सकाळ-संध्याकाळ अंडं उकडायचं, पैलवानाला भरवायचं, मग डोक्यावरून अंघोळ करायची आणि नंतरच देवापुढं दिवा लावायचा. कोणतीच कसूर नाही. तरी दत्तोबांनी तिच्या ताटाकडं बघितलं नाही. ते स्वतः भाकरी थापत. एक करपायची, एक कच्ची राहायची, आणि ते पाण्याच्या घोटाबरोबर ती गिळत. रोज सांजेला मात्र भिंतीला विचारल्यासारखं विचारत, "खाल्लं का त्यानं?"

"खाल्लं."

"बरं."

एवढंच बोलणं. पैलवान भिंतीला टेकून उभा राहायला लागला आणि इकडं बनाबाई ताटावरून अर्धपोटी उठायला लागली. शेवटी अंडी न्यायला गेली तेव्हा भागूबाईच्या अंगणात तिला रडू फुटलं.

"ह्यांनी माझ्या हातचं सोडलं गं भागू. माझ्याम्होरं पाठ करून जेवत्यात. मी काय पाप केलंय? तीच मी, तेच माझं हात. आसं वाटतंय, जित्या माणसाला कुणी पुसून टाकावं..."

भागूबाई तांदूळ निवडत होती. तिनं एक खडा काढून बाजूला टाकला.

"किती दिस झालं?"

"चार."

"चारच व्हय," भागूबाई म्हणाली आणि पुन्हा तांदळात बघायला लागली.

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, बनाबाई उलटून बोलली असती. तिला बांधावरचं लिंबाचं झाड आठवलं. दुपारी खुरपणी थांबली की सगळ्या बाया त्याच्या सावलीला बसायच्या. ऐन तारुण्यात भागूबाईनं एकदा भाकरीचा चतकोर पुढं केला होता. ज्वारीचीच भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी. "माझं माळेचं हाय गं," असं म्हणून हिनं मान हलवली होती. भागूबाईनं आणखी एक-दोनदा विचारलं आणि मग कधीच विचारलं नाही. त्या चतकोरात माळ बाटेल असं काय होतं? काही नव्हतं. बनाबाईला ते तेव्हाही ठाऊक होतं. माळ तिनं नुसती पुढं केली होती. आणि पैलवान मात्र रोज फिरत फिरत ह्या अंगणात यायचा, भागूबाईच्या हातची भाकरी खाऊन शेपूट हलवत घरी जायचा.

लाजेनं तिचे कान तापले. अंडी घेऊन ती निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पैलवान आपल्या पायांनी गोठ्याबाहेर आला. दत्तोबा ओसरीवर हातात करपलेली भाकरी घेऊन बसले होते. तो हळूहळू त्यांच्यापर्यंत गेला आणि त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली. दत्तोबांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

दुपारी बनाबाईनं धुवट लुगडं नेसलं, माळ नीट केली आणि चपला घातल्या.

"कुठं निघालीस?" पाच दिवसांत पहिल्यांदा दत्तोबांनी तिला तोंडावर विचारलं.

"जेवाया."

"कुणाकडं?"

"भागूकडं."

दत्तोबांनी तोंड उघडलं. बनाबाई थांबली, त्यांना काय बोलायचं असेल ते बोलू दिलं. त्यांनी तोंड मिटलं. मग गोठ्यातल्या रिकाम्या पोत्याकडं बघत पुटपुटले, "त्याचं सांजचं उकडायचं हाय."

"पातेलं गोठ्यामागं हाय. जाळ तुमाला घालता येतो," ती म्हणाली. "आन् टोचून बघू नका."

पैलवान उठला आणि तिच्या मागं निघाला. त्याचे पाय अजून अडखळत होते, म्हणून ती थांबत थांबत चालली. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर जात होते. कुणी विचारलं तर सांगायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. कुणी विचारलं नाही.

भागूबाई चुलीपुढं होती. दारात दोघांना बघून म्हणाली, "आजून दोनच अंडी हायती गं, कोंबडी खुडूक बसलीया."

"अंडी नगं. भूक लागलीया." बनाबाई उंबरा ओलांडून आत आली आणि चुलीसमोर मांडी घालून बसली. "भाकरी वाढ. चटणी आसंल तर दे."

भागूबाईचा हात पिठातच राहिला. तिनं बनाबाईकडं बघितलं, मग तिच्या माळेकडं, मग पुन्हा तोंडाकडं. ती उठली. फळीवरचं लखलखीत ताट खाली काढलं आणि मोरीशी बसून ते धुवायला लागली.

"भागू, धुतलेलंच हाय की त्ये."

"व्हय," भागूबाई म्हणाली, पण धुवायची थांबली नाही. एकदा धुतलं, परत पाणी घेतलं, परत धुतलं. तिची पाठ हलत होती.

बनाबाई उठली. तिनं भागूबाईच्या हातातून ते ओलं ताट घेतलं, पदरानं पुसलं नाही की झटकलं नाही, तसंच जमिनीवर मांडलं आणि त्याच्यापुढं बसून राहिली.