बेनितोच्या वाटणीच्या गोळ्या

“परत तूच?” आरोग्य केंद्रातल्या करिदाद सिस्टर म्हणाल्या, आणि सोलेदादला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. वर्षातली तिसरी खेप. तीच खाज, तीच जळजळ, तोच वास. पेरूच्या पाल्याच्या पाण्याने धुऊन धुऊन कातडी सोलायची वेळ आली होती. सुकी मासळी निवडताना ती रांगेच्या टोकाला बसायची. मासळीच्या वासात आपला वास कोणाला कळणार? पण मन खातं ना!

सिस्टरांनी तिला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. इवले इवले ठिपके वळवळत होते.

“हे परजीवी. पाल्याबिल्याने जात नाहीत, गोळीनेच मरतात. मागे नवऱ्याला गोळ्या दिल्यास का?”

“दिल्या की.”

“खोटं नको बोलूस बाई. तू बरी होतेस, तो बोटीवरून येतो, परत तुला देतो.”

“पण त्याला काहीच होत नाही, सिस्टर.”

“पुरुषांना बहुतेक वेळा कळतही नाही. महिनोन्‌महिने अंगात असतं.”

“आणि... आणलं कोणी, ते कळतं?”

“नाही गं. त्यावर नाव लिहिलेलं नसतं.”

तिथेच तर घोडं पेंड खात होतं! लग्नाला एकोणीस वर्षं झाली, दुसऱ्या पुरुषाकडे तिने मान वर करून बघितलं नव्हतं. तरी बेनितो पहिलं हेच विचारणार, ‘कोणाकडून आणलंस?’ सांगावं तर अब्रू जाते, न सांगावं तर आजार जात नाही. सिस्टरांनी तिला सात दिवसांच्या गोळ्या दिल्या, आणि त्याच्यासाठी चार, एकदम घ्यायच्या. वर तीन दिवस दारू बंद, आणि दोघं बरी होईतो जवळ जायचं नाही.

शनिवारी बेनितो बोटीवरून आला. तिने पुडी पुढे केली.

“जंतांच्या गोळ्या. केंद्रात सगळ्या खलाशांना वाटल्या. चारही आत्ताच घे. आणि तीन दिवस माडी नाही.”

“जंत मारायचेत की मला?” तो हसला, पुडी खिशात टाकून अंगणात गेला. तिथे तीन दोस्त टपलेलेच होते. माडीचा पेला एकच, तो हातोहात फिरणार. नको म्हणणं म्हणजे देणाऱ्याच्या थोबाडीत मारणं. आणि त्या बैठकीत एकट्याने काही तोंडात टाकायचं नाही, सगळ्यांना द्यायचं, ही गावाची रीत.

सोलेदाद भाजलेलं माकूळ ताटात घेऊन बाहेर आली, तो काय! बेनितो गोळ्या वाटत होता.

“चौघं आपण, चार गोळ्या. घ्या रे, फुकटच्या आहेत!”

शेजारच्या तोमासने गोळी जिभेवर ठेवून पेल्याला हात घातला.

“थुंक आधी!” ती ओरडली. “माडीवर ही चालत नाही. ओकून ओकून आडवे व्हाल.”

“जंतांच्या गोळीचा एवढा थाट, वहिनी?”

गप्प बसावं असं तिला क्षणभर वाटलं. पण मग गोळ्या गेल्या, आणि पुन्हा तेच रहाटगाडगं.

“जंतांच्या नाहीत. बाईकडून पुरुषाला नि पुरुषाकडून बाईला लागतं, त्याच्या आहेत. मला झालंय. बेनितोच्या वाटणीच्या आहेत त्या.”

तोमासने गोळी काढून शर्टाला पुसली आणि ताटात ठेवली. बाकीच्यांनीही ठेवल्या.

“कोणाकडून आणलंस?” बेनितोने चारचौघांत विचारलं.

“मी एकाच माणसाजवळ झोपते,” ती म्हणाली. “तूच सांग.”

तो उठला आणि तडक बंदरावर गेला. सोमवारी बोट सुटली.

पंधरा दिवसांनी तो दुपारी दारात उभा राहिला. आत दोन चटया होत्या, दोन भिंतींना दोन. त्याच्या चटईशी बशीत चार नव्या गोळ्या आणि पेलाभर पाणी.

“हे काय?”

“जेवून घे, मग गोळ्या. नाहीतर तू तिथे, मी इथे.”

तो चटईवर बसला. ती मासळी निवडायला गेली. संध्याकाळी परतली तेव्हा तो पडून होता, गोळ्या बशीतच होत्या. तिला रडू कोसळलं, पण तिने आवाज होऊ दिला नाही. पेल्यातलं शिळं पाणी तिने ओतून दिलं आणि ताजं भरून ठेवलं.