सात नंबरचा पायरॉक्सीन

जमशेद मालेगावात कबरींवर लावायचे नावाचे दगड, म्हणजे कतबे, कोरायचा. तालुक्यात असा हात दुसरा नाही, असं लोक म्हणायचे. तो स्वतः तर म्हणायचाच.

पोरगी नमरा एम.एस्सी.ला भूगर्भशास्त्र घेऊन बसली, तेव्हा त्याला वाटलं, चला, दगड काही घर सोडत नाही. प्रबंधासाठी तिनं जऊळक्याच्या खदानीतून बारा दगड आणले, नंबर टाकले आणि अंगणात ठेवले. युनिव्हर्सिटीत जाणारे दगड म्हणून जमशेदनं ते उलटेपालटे करून पाहिले. सातवा सडका निघाला, बोट लावलं की कोपरा झडे. पाहुण्यांपुढे फुटकी कपबशी ठेवतं का कोणी? त्यानं तो नाल्यात भिरकावला, कतब्याच्या काळ्या दगडाचा एक तुकडा फोडला, त्यावर सात घातला आणि पिशवीत टाकला. सांगायचं काय त्यात? आपलंच घर.

दोन महिन्यांनी दगडांच्या तपासणीचा रिपोर्ट आला. नमरानं कागदावर तिकोन काढून अब्बाला समजावलं. आपल्या काळ्या दगडातले गडद कण म्हणजे पायरॉक्सीन. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोखंड किती, यावरून त्याची जात ठरते. अकरा दगडांचे ठिपके वर, कॅल्शियमच्या अंगाला पडले. ते ऑजाइट. सातव्याचे पार तळाला, कॅल्शियम जवळपास नाहीच. ते एन्स्टेटाइट. या खदानीत असलं कोणालाच सापडलं नव्हतं. तिचे शेषराव सर पेपर लिहायला बसलेसुद्धा, आणि पेपरावर पहिलं नाव नमराचं.

जमशेदचा कतब्याचा काळा दगड तर ट्रकनं दक्षिणेतून आलेला. गप्प बसावं तर पोरीचं खोट्यावर नाव होतं. बोलावं तर पोरगी तोंडघशी पडते, आणि जमशेदला दगड कळत नाही हे अख्खं मालेगाव ऐकतं. तोवर त्याच्या बायकोनं, ताजबीनं, गल्लीत पेढे वाटले होते. त्यातला एक त्यालाही खावा लागला.

तीन दिवस त्यानं छिन्नीला हात लावला नाही. चौथ्या दिवशी जेवताना सगळं ओकून टाकलं.

नमरानं शांतपणे भाकरी मोडली. "मले मालूम आहे, अब्बा. रिपोर्ट आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सरनं त्या दगडाचा फोटो दाखवला. असा रेखीव सात माह्याच्यानं निघत नाही."

तिनं सरांना तेव्हाच सांगून टाकलं होतं की दगड तिच्याकडूनच बदलला. पेपर बारगळला. एवढा निष्काळजीपणा चालत नाही म्हणून सरांनी प्रबंध परत केला होता. आता तिचं एक वर्ष जाणार होतं.

"मंग माहं नाव काहून नाही घेतलं?"

"तुमाले दगड कळत नाही, असं मी लोकाइले कसं सांगू?"

जमशेदनं ताट बाजूला सारलं. त्यानं हात धुतले आणि सरांना फोन लावायला सांगितला. आयुष्यात आपली चूक कबूल करायची सवय नव्हती, त्यामुळे आधी नुसताच खाकरत राहिला.

"सर, नमराचा बाप बोलतो. दगड म्या बदलवला. पोरीले ठाऊकच नव्हतं."

पलीकडून सर बराच वेळ बोलले. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं.

"लेखी बी देतो, सर," जमशेद म्हणाला. "पन माह्या चुकीवर तिचं नाव नका टाकू."