बाकी किती?

आमची शाळा ईट गावापासून आत, शेतातल्या एका वस्तीवर आहे. पहिली ते चौथी मिळून नऊ पोरं आणि शिकवायला मी एकटी. दुसऱ्या शिक्षकाची जागा रिकामी आहे. त्याच्या खुर्चीवर धूळ बसू नये म्हणून ती मीच अधूनमधून पुसते. ईटच्या खोलीवर गेलं तरी तेच, नवरा नोकरीपायी नांदेडला. त्यामुळं दिवसभरात जे काही हसणं-बोलणं होईल ते या नऊ जणांशीच.

भागाकारासाठी मी एक खेळ काढला. मी टाळ्या वाजवायच्या, पोरांनी गोल पळायचं. टाळी थांबली की मी आकडा सांगायचा आणि तेवढ्यांनी हात धरून गट करायचा. 'दोन' म्हटलं की चार जोड्या होतात आणि एक जण उरतो. त्याला मी विचारायची, "बाकी किती?" त्यानं सांगायचं, "बाकी एक." फळ्यावरचा भागाकार बघून तोंड वाकडं करणारी पोरं या खेळासाठी खिचडी अर्धी टाकून पळत यायला लागली. केंद्रप्रमुखांनी व्हिडिओ काढून सगळ्या शाळांना पाठवला आणि मी चार दिवस हवेत होते.

मग लक्षात आलं, दर वेळी उरते ती ज्ञानेश्वरी.

वस्ती एकाच भावकीची. आठ पोरं एकमेकांची सख्खी, नाहीतर चुलत. आकडा ऐकला की त्यांचे हात आपोआप घरच्या हातांकडं जायचे. ज्ञानेश्वरीची आजी सारजाबाई मात्र बाहेरून आलेली, ओढ्यापलीकडं दुसऱ्याचं शेत राखायला. पोरीची आई पुण्यात कंपनीत कामाला. पोरं काही वाईट नव्हती, तिला कुणी ढकललं नाही की चिडवलं नाही. तिच्याकडं हातच जात नव्हते, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

मग मी लबाडी सुरू केली. सारखं 'तीन' म्हणायला लागले. नऊ जणांचे तिनाचे गट बरोबर पडतात. शेवटी दोघं राहिले की त्यांना ज्ञानेश्वरीला घ्यावंच लागायचं. पण आमची पोरं वस्ताद. चौथीतला योगीराज म्हणाला, "मॅडम, तुमाला दुसरा आकडा येत न्हाय का?" सगळी हसली. मला राग आला आणि त्या रागात मी म्हणाले, "चार."

ज्ञानेश्वरी जागची हललीसुद्धा नाही. "बाकी एक," मी विचारायच्या आधीच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आठ जणांचे दोनाचे, चाराचे गट बिनचूक पडले, बाकी शून्य, आणि पोरांना काहीच खटकलं नाही. मला मात्र ते दोन दिवस फार जड गेले.

शाळा सुटल्यावर मी ओढा ओलांडून गेले. सारजाबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"पोटात दुखतंय म्हणती. साळंचं नाव काढू देत न्हाय," त्या म्हणाल्या. "म्या काय करू मॅडम? आईकडं धाडावं तर तिथं दिवसभर खोलीला कुलूप."

पोरगी दाराआडून बघत होती. ही आता घरी बसली तर कायमचीच बसेल, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"उद्या ये," मी म्हणाले. "तो खेळ बंद करते मी."

"बंद नका करू," ती म्हणाली. "आकडा म्या सांगणार."

मी हो म्हणाले. ती 'तीन'च सांगणार याची मला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी ती आली. गोलात पळता पळता तिनंच टाळ्या वाजवल्या आणि थांबली.

"एक."

पोरं सवयीनं एकमेकांकडं धावली. अमरसिंहनं सुरजचा हात धरला.

"सोड त्याला," ज्ञानेश्वरी म्हणाली. "एकाचा गट हाय."

"मग म्या कुणाला धरू?"

"कुणालाच न्हाय."

हात सुटले. नऊ पोरं पटांगणात एकेकटी उभी राहिली. रिकाम्या हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. कुणी शर्टाचं टोक धरलं, कुणी हात मागं बांधले. पहिलीतली सोनाली रडवेली होऊन भावाकडं बघत राहिली. ज्ञानेश्वरी तेवढी नीट उभी होती, तिला सवय होती.

"बाकी किती?" तिनं अगदी माझ्यासारखं विचारलं.

"शून्य," योगीराज हळूच म्हणाला.

तिला रागवावं की जवळ घ्यावं, मला सुचेना. तेवढ्यात तिचं लक्ष पायरीवर उभ्या असलेल्या माझ्याकडं गेलं.

"मॅडम, तुमचा गट कितीचा?"

"एकाचाच," मी म्हणाले.

"मग या की गोलात. तुमी आल्यावर दहा हुतात. आता म्या दोन म्हणणार हाय."

मी मनातल्या मनात हिशेब केला. पोरं आपापल्या भावंडांचे हात धरणार आणि राहणार आम्ही दोघी. म्हणजे उरणार कुणीच नाही. तिनं हा हिशेब माझ्या आधीच केला होता. मी पायरीवर चपला काढल्या आणि गोलात जाऊन तिच्या मागं उभी राहिले.