आठ कोंबड्यांचा उपास

मी नक्की काय काम करते, हे माहेरी अजून नीट सांगितलेलं नाही. ‘प्रयोगशाळेत असते’ म्हटलं की बायका गप्प बसतात. खरं म्हणजे मी कोंबड्यांची शीट गोळा करते. खाद्यात घालायच्या मालातली किती ताकद पक्ष्याच्या अंगी लागते, ते आम्ही मोजतो. कोंबड्याला एक दिवस उपाशी ठेवायचं, नळीने घशात मोजून तीस ग्रॅम माल सोडायचा, मग दोन दिवस नुसतं पाणी. खाली ट्रेमध्ये पडेल ते पिसं वेचून, वाळवून, दळून जाळायचं. आत गेलेल्यातून बाहेर आलेलं वजा केलं की राहिलं ते कोंबड्याचं. काम सोपं आहे हो, माणसं अवघड आहेत.

या खेपेचा माल आमच्या धाकट्या भाऊजींचा होता. बेकऱ्यांमधला शिळा पाव वाळवून त्याचा भुगा विकायचा, असं डोक्यात घेऊन त्यांनी चांगली नोकरी सोडली. खाद्याचा कारखानदार म्हणाला, शनिवारपर्यंत आकडा आणा; मक्याच्या जवळपास आला तर माल घेतो, नाहीतर दुसरा एकजण तयारच आहे. कोंबड्यांना दोन फेऱ्यांमध्ये वीस दिवस विश्रांती द्यावी लागते, म्हणजे भाऊजींना संधी एकच. माल घरचा आहे हे मी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना आधीच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, वजनं त्या घेतील, बाकीचं मी करावं.

भाऊजी रोज सकाळी हजर. हा डोळे का मिटतोय, त्याला पचलं नसेल का, तो माझ्याकडे असा का बघतो. नुसतं डोकं खाल्लं माझं. दुसऱ्या दिवशी दुपारी मला पलीकडच्या इमारतीत भट्टी बघायला जायचं होतं, आणि पिंजऱ्यांच्या खोलीची खिडकी लागत नव्हती. म्हटलं, इथे बसा, मांजर आलं तर हाकला, दुसरं काही करू नका. मराठीतच सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रे ओढले, तर प्रत्येकात दुप्पट ढीग. तीस ग्रॅमवर एवढं कुणी टाकत नाही. एका ट्रेच्या कडेला मक्याचा फुटका दाणा सापडला.

बाहेर बाकावर भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. काल काय दिलंत, विचारलं. आधी छे छे झालं. मग म्हणाले, पिंपातला मका, एकेक मूठ. आठही जणांना दिला, पंक्तिभेद नको म्हणून. मी कपाळावर हात मारून घेतला.

“अहो, पण का?”

“ओरडत होते, वहिनी. एवढी मोठी परीक्षा आणि रिकाम्या पोटी? मला कधी उपाशी पाठवलंत का तुम्ही परीक्षेला?”

परीक्षा कसली, डोंबल! मी लग्न होऊन आले तेव्हा हा माणूस सातवीत होता. वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखी संताप आला.

पिसं वेचता तसा मका वेचून टाका, म्हणाले. समजावलं, की पोटात गेल्यावर पाव कुठला आणि मका कुठला, ते कोंबड्यालाही सांगता यायचं नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले, मॅडमनी अजून वजन घेतलेलं नाही ना, थोडी शीट कमी झाली तर?

खोटं कशाला बोलू, मनात आलं माझ्या. ट्रेमधलं जितकं कमी, तितका आकडा वर. प्रत्येक ट्रेमधून चार चमचे सारले असते तर पाव मक्याला जाऊन भिडला असता. पण तो आकडा माझ्या चमच्याचा झाला असता, आणि त्याच्या भरवशावर कुणाच्या तरी हजारो कोंबड्या अर्धपोटी राहिल्या असत्या. मी मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं. खोली सोडून गेल्याबद्दल बोलणी खाल्ली. त्यांनी वहीत ‘फेरी रद्द’ लिहिलं.

परत आले तेव्हा कोंबडे कलकलाट करत होते. फेरी रद्द झाली की त्यांना खायला घालायचं असतं. मी बादली भरून भाऊजींच्या हातात दिली.

“घाला आता. आता काही बिघडत नाही.”

त्यांनी पहिल्या पिंजऱ्यापुढे बादली टेकवली आणि तिथेच उकिडवे बसून रडायला लागले. मका मग मीच घातला.